चाकरीपूर्वीची चौकशी

महाविद्यालयाचे अखेरचे वर्ष जवळ आले की विद्यार्थी निरनिराळ्या कंपन्यांची माहिती काढू लागतो. वेतन किती, बढती केव्हा, कचेरी कोठे, हे त्याचे प्रश्न रास्तच असतात, परंतु हा धनी या मुलखात कशामुळे आला आणि कोणत्या कारणाने उठून जाईल, ही पृच्छा त्याच्या टिपणवहीत क्वचितच आढळते. मावळचा इतिहास चाळला तर तीच सर्वांत अगत्याची ठरते.

शिवकालात येथील तरुणाला असल्या चौकशीचे प्रयोजनच नव्हते. देशमुखी, पाटिलकी, कुलकर्ण ही वतने बापाकडून मुलाकडे येत, गडावरील हवालदार, सबनीस, कारखानीस ही पदेसुद्धा बहुधा जातिपरत्वे ठरलेली असत. जन्म हीच सनद होती. १८१८ च्या मार्चमध्ये लोहगड आणि विसापूर इंग्रजांच्या हाती गेले, तेव्हा गडाच्या आश्रयाने चाललेली शिबंदीची चाकरीही संपुष्टात आली.

पुढचा धनी आला तो घाटामुळे. १८५८ साली खंडाळा ते पुणे आगगाडी सुरू झाली, १८६३ साली बोरघाटाचा लोहमार्ग पुरा झाला, आणि सदतीस फुटांमागे एक फूट असा विकट चढ असल्याने गाडीला जादा इंजिने लावणे भाग पडून लोणावळ्यास रेल्वेचा मोठा राबता निर्माण झाला. परंतु १९३० च्या सुमारास हा मार्ग विजेवर चालू लागताच कोळसा टाकणाऱ्या फायरमनचे कसब मागे पडले. त्यानंतरचा धनी आला तो पावसामुळे. १९११ साली टाटांच्या जलविद्युत योजनेची कोनशिला लोणावळ्यास बसली, वळवण, लोणावळा आणि शिरवता येथे पाणी अडवून ते घाटाखाली खोपोलीस सोडण्यात आले, आणि १९१५ पासून ती वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. धरणे उभी राहताच बांधकामावरील बहुतेक मजुरांचे काम सरणे ओघानेच आले.

या साऱ्याहून निराळा प्रयोग तळेगाव दाभाडे येथे झाला. अंताजी दामोदर काळे यांनी वर्षास माणशी एक पैसा जमवून पैसाफंड उभा केला, टिळकांनी त्यास पाठबळ दिले, आणि १९०८ साली त्या निधीतून काचेचा कारखाना निघाला. जपानात काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांच्या देखरेखीखाली येथे मालाबरोबर कारागीरही तयार होऊ लागले, आणि त्यांतील कित्येक देशातील इतर काचकारखान्यांत गेले. ज्याच्या अंगी भट्टीची विद्या होती त्यास तळेगावच्या एकाच धन्यावर विसंबून राहण्याची गरज उरली नाही. त्याच गावी विष्णु गोविंद विजापूरकरांचे समर्थ विद्यालय राष्ट्रीय शिक्षणाचा उपक्रम चालवीत होते. ते मात्र १९१० साली सरकारच्या अवकृपेस बळी पडले.

अलीकडचा दाखलाही तळेगावचाच आहे. २००८ साली येथे सुरू झालेला जनरल मोटर्सचा कारखाना २०२० च्या अखेरीस बंद पडला, आणि पुढे ती वास्तू ह्युंदाईने घेतली. म्हणून विद्यार्थ्याने कंपनीचा ताळेबंद अवश्य वाचावा, पण त्याआधी तिचा कच्चा माल, तिची बाजारपेठ आणि तिला येथे आणणारे कारण यांचा तपास करावा, आणि अखेरीस इतकेच ठरवावे की ती उद्या गेली तर तिच्याकडे शिकलेली कोणती विद्या आपल्यापाशी शिल्लक राहील.