स्प्रेडशीटमधील पत्त्यांचे स्थलांतर : एक ऐतिहासिक मागोवा

स्प्रेडशीटमधील सूत्र एका जागेवरून उचलून दुसरीकडे चिकटविले असता त्यातील सेलचे पत्ते अनपेक्षितपणे बदललेले आढळतात. निकालपत्रके व हिशेबाचे तक्ते करणाऱ्यांना हा अनुभव इतका नित्याचा आहे की, 'संगणकाची चूक' म्हणून तो सोडून दिला जातो. वास्तविक ती चूक नसून एका जाणीवपूर्वक केलेल्या रचनेचा परिणाम आहे. प्रस्तुत लेखात त्या रचनेचा इतिहास तपासला आहे.

हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये शिकत असताना डॅन ब्रिकलिन यांनी १९७८ मध्ये कल्पिलेला आणि बॉब फ्रँकस्टन यांच्या साहाय्याने सिद्ध झालेला 'व्हिजिकॅल्क' हा प्रोग्रॅम १९७९ मध्ये 'ॲपल २' या संगणकासाठी विक्रीस आला. त्याचा तक्ता ६३ स्तंभ व २५४ ओळींचा होता. सूत्राची प्रत काढण्यासाठी त्यात 'रेप्लिकेट' ही आज्ञा असे. ती देताच सूत्रातील प्रत्येक पत्त्यापाशी प्रोग्रॅम थांबून विचारी : हा पत्ता आहे तसाच ठेवावयाचा की नव्या जागेनुसार सापेक्ष करावयाचा? सूत्रात दहा पत्ते असतील तर दहा वेळा उत्तर द्यावे लागे. पद्धत कंटाळवाणी होती खरी. परंतु पत्ता बदलला तर तो कोणाच्या संमतीने बदलला, याविषयी संदेह राहत नसे.

जानेवारी १९८३ मध्ये आलेल्या 'लोटस १-२-३'ने हा प्रश्न विचारणे थांबविले. डॉलरचे चिन्ह जोडलेला पत्ता स्थिर, न जोडलेला चल, असा संकेत तेथे होता. म्हणजे निर्णयाचा क्षण प्रत काढण्याच्या वेळेवरून सूत्र लिहिण्याच्या वेळेवर गेला. आणि लिहिणारा व चिकटविणारा एकच असतो असे थोडेच आहे!

मायक्रोसॉफ्टच्या 'मल्टिप्लॅन'ने (१९८२) निराळी वाट धरली होती. त्यात पत्ता 'एक ओळ वर, त्याच स्तंभात' अशा अंतराच्या रूपाने लिहिला जाई. या पद्धतीत प्रत केलेले सूत्र अक्षरशः मूळ सूत्रासारखेच दिसते. यावरून मूळ भेद स्पष्ट होतो : संगणक पूर्वीपासून अंतरच जपत होता, अक्षर-अंकांचा पत्ता हे त्याचे केवळ बाह्य रूप. १९८५ मध्ये आलेल्या एक्सेलमध्ये आजही दोन्ही पद्धती उपलब्ध आहेत, परंतु आरंभी समोर येते ती अक्षर-अंकांचीच. शिवाय 'कॉपी' केलेल्या सूत्रातील चल पत्ते सरकतात, 'कट' करून हलविलेल्या सूत्रातील मात्र तसेच राहतात. दोन जवळजवळ सारख्या भासणाऱ्या कृतींचे हे विरुद्ध फल अनेकांना चकवते.

काही वेळा पत्ता मुळात नसतानाही निर्माण होतो. बरोबरच्या चिन्हाने सुरू होणारा मजकूर चिकटविला की तो सूत्र समजला जातो. याहून विलक्षण प्रकार एक्सेल २००७ च्या वेळी घडला. स्तंभांची संख्या २५६ वरून १६,३८४ झाली आणि शेवटचा स्तंभ 'एक्सएफडी' ठरला. त्यामुळे 'टीएएक्स२००८' यासारखी, करासाठी योजलेली निरुपद्रवी नावे एका रात्रीत सेलचे पत्ते बनली. जुन्या फाइली नव्या स्वरूपात नेताना अशा नावांपुढे अधोरेषा जोडण्याची सोय करावी लागली.

चिकटविण्यातील गफलतीचे मूल्य मोठे असू शकते. कॅनडातील ट्रान्सअल्टा या वीजकंपनीने २००३ मध्ये जाहीर केल्यानुसार निविदेच्या तक्त्यातील ओळी चुकीच्या जुळल्यामुळे तिला २.४ कोटी डॉलरचा फटका बसला. जे. पी. मॉर्गन बँकेला लंडनमधील व्यवहारांत २०१२ मध्ये सुमारे ६.२ अब्ज डॉलरचा तोटा झाला. त्याची कारणे अनेक होती, व सर्व दोष तक्त्यांवर टाकणे अन्यायाचे होईल. तथापि बँकेच्याच २०१३ च्या चौकशी अहवालात नमूद आहे की, जोखीम मोजणारे प्रतिमान एक्सेलच्या अनेक तक्त्यांवर चालत होते, त्यांतील आकडे हाताने एकातून दुसऱ्यात चिकटविले जात होते, आणि एका सूत्रात सरासरीने भागावयाच्या ठिकाणी बेरजेने भागले गेले होते.