तांदळाच्या कणातील दोन रेणू : ॲमायलोज आणि ॲमायलोपेक्टिन

सिल्वासा आणि आसपासच्या पाड्यांतील वारली घरांत लग्नाचा चौक लिहिला जातो, तेव्हा गेरूने वा शेणामातीने सारवलेल्या भिंतीवर उठून दिसणारा पांढरा रंग तांदळाच्या पिठाचा असतो. हे पीठ पाण्यात कालवतात आणि ते भिंतीला धरून राहावे म्हणून त्यात डिंक मिसळतात. त्याच तांदळाची पेज मात्र धूसर, दाट आणि आपसूकच चिकट होते. एकाच धान्याच्या या दोन रूपांचा उलगडा स्टार्चच्या रेणुरचनेत होतो.

दोन घटक

स्टार्च हे वनस्पतींनी साठवून ठेवलेले अन्न होय. सडलेल्या तांदळाच्या कोरड्या वजनात त्याचा वाटा सुमारे ९० टक्के असतो. स्टार्चमध्ये ॲमायलोज आणि ॲमायलोपेक्टिन असे दोन प्रकारचे रेणू असतात. दोन्ही ग्लुकोजच्याच एककांचे बनलेले असून त्यांच्यातील भेद एकके कशी जोडली गेली आणि किती जोडली गेली एवढाच आहे. हा भेद जिनिव्हा येथे संशोधन करणाऱ्या कुर्ट मायर यांनी १९४० मध्ये सुस्पष्टपणे मांडला.

ॲमायलोजमध्ये एका ग्लुकोजचा पहिला कार्बन पुढच्या ग्लुकोजच्या चौथ्या कार्बनशी ऑक्सिजनच्या दुव्याने जोडलेला असतो. त्यामुळे जवळजवळ सरळ, क्वचितच फाटे फुटलेली साखळी तयार होते. तिच्यात काही शेकड्यांपासून काही हजारांपर्यंत एकके असतात. साखळीतील प्रत्येक एककाचे वस्तुमान १६२ धरले, तर हजार एककांच्या रेणूचा रेणुभार १ लाख ६२ हजारांच्या आसपास भरतो. असा रेणू ताणून सरळ केला, तर त्याची लांबी सुमारे अर्धा मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दोन हजारावा भाग होईल. प्रत्यक्षात तो मळसूत्रासारखा वळतो आणि त्याच्या एका वेढ्यात सहा एकके बसतात.

ॲमायलोपेक्टिनमध्येही अशाच साखळ्या असतात. परंतु सुमारे दर २० ते २५ एककांमागे सहाव्या कार्बनवरून नवी फांदी फुटते. एकूण बंधांपैकी असे फाट्याचे बंध पाचेक टक्केच असले, तरी त्यांच्यामुळे रेणूला झुपक्यासारखा आकार येतो. त्याचा रेणुभार एक कोटीपासून कित्येक कोटींपर्यंत जातो. निसर्गातील अतिप्रचंड रेणूंमध्ये त्याची गणना होते.

कणाची घडण

हे रेणू सूक्ष्म कणांत दाटीने रचलेले असतात. तांदळाचा स्टार्चकण साधारण ३ ते ८ मायक्रोमीटरचा, तर बटाट्याचा १०० मायक्रोमीटरपर्यंतचा असू शकतो. कणात ॲमायलोपेक्टिनच्या आखूड फांद्या जोडीजोडीने एकमेकींभोवती पिळल्या जाऊन स्फटिकासारखे थर बनवतात. म्हणूनच थंड पाण्यात हे कण विरघळत नाहीत. चौकाच्या रंगात ते अखंड राहतात, प्रकाश विखुरतात आणि पांढरे दिसतात. रेणू कणातच बंदिस्त असल्याने त्यांचा चिकटपणा उपयोगी पडत नाही. म्हणून डिंक लागतो.

पाणी तापवले की चित्र पालटते. तांदळाच्या जातीनुसार सुमारे ५५ ते ७९ अंश सेल्सिअस तापमानाला स्फटिकी थर मोडतात, कण पाणी शोषून फुगतात आणि ॲमायलोज बाहेर झिरपते. ग्लुटेन नसलेल्या तांदळाच्या पिठाची भाकरी करण्यासाठी उकड काढतात, त्यामागचे कारण हेच. भाकरी निवल्यावर मोकळे झालेले रेणू पुन्हा एकमेकांना बिलगतात. ॲमायलोज काही तासांतच, तर ॲमायलोपेक्टिन काही दिवसांत. शिळी भाकरी कडक होते ती प्रामुख्याने यामुळे.

आयोडीनची खूण

स्टार्चवर आयोडीन टाकल्यास निळा रंग येतो, ही नोंद १८१४ इतकी जुनी आहे. आयोडीन ॲमायलोजच्या वेढ्यांत शिरते आणि गडद निळा रंग उमटतो. ॲमायलोपेक्टिनच्या आखूड फांद्यांमुळे तांबूस-जांभळी छटा येते.

ताटातील परिणाम

भात मोकळा होणार की चिकट, हे बऱ्याच अंशी ॲमायलोजच्या प्रमाणावर ठरते. आसामच्या बोरा तांदळासारख्या चिकट जातींत ते नाममात्र असते, बासमतीत साधारण २० ते २५ टक्के, तर २५ टक्क्यांहून अधिक असलेल्या जातींचा भात सुटा आणि निवल्यावर टणक होतो.

मधुमेह असलेल्यांसाठी हा भेद अधिक महत्त्वाचा आहे. फांद्यांनी विस्तारलेल्या ॲमायलोपेक्टिनवर पाचक विकरे झपाट्याने काम करतात. ॲमायलोज अधिक असलेला भात त्या मानाने सावकाश पचतो आणि रक्तातील साखर हळू वाढते. शिजवून थंड केलेल्या भातातील थोडा स्टार्च तर लहान आतड्यात पचतच नाही. तथापि, शिळा भात म्हणजे हवा तितका खाण्याची मुभा नव्हे. त्यातला बहुतांश स्टार्च अखेर ग्लुकोजच होतो, आणि उघड्यावर तासन्‌तास राहिलेल्या भातात अपायकारक जीवाणूही वाढतात. भात लवकर निववून शीतकपाटात ठेवावा. तांदळाची जात, ताटातील वाढप आणि सोबतची डाळ-भाजी यांचा विचार एकत्रच करावा लागतो.