विद्यापीठ कर्मचाऱ्यांची व्यावसायिक आरोग्य व प्रथमोपचार सेवा (युनायटेड किंग्डम)

कामामुळे कर्मचाऱ्यांच्या आरोग्यावर होणारे दुष्परिणाम टाळणे आणि कामाच्या ठिकाणी दुखापत वा आजारपण उद्भवल्यास तत्काळ मदत पुरवणे, ही युनायटेड किंग्डममधील विद्यापीठांची नियोक्ता या नात्याने जबाबदारी आहे. अध्यापक व संशोधकांबरोबरच प्रयोगशाळा साहाय्यक, लिपिक, माळी आणि सफाई कामगार हेही या सेवेच्या कक्षेत येतात.

== कायदेशीर आधार ==
ग्रेट ब्रिटनमध्ये १९७४ चा कार्यस्थळ आरोग्य व सुरक्षा कायदा हा या व्यवस्थेचा पाया आहे. १९८१ च्या प्रथमोपचार नियमांनुसार नियोक्त्याने पुरेसे व योग्य साहित्य, सुविधा आणि माणसे उपलब्ध ठेवावी लागतात. घातक पदार्थांच्या हाताळणीसाठी २००२ चे स्वतंत्र नियम आहेत.

== प्रथमोपचार ==
प्रथमोपचारकांची संख्या कामातील धोके पाहून ठरवली जाते. त्यांच्यासाठी सहा तासांचे प्राथमिक व अठरा तासांचे विस्तृत असे दोन प्रमुख अभ्यासक्रम असून प्रमाणपत्र तीन वर्षे ग्राह्य असते. प्रथमोपचार पेटीवर हिरव्या पार्श्वभूमीवर पांढरा क्रॉस असतो. पेटीत गोळ्या-औषधे ठेवू नयेत, अशी शिफारस आहे. हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरणाऱ्या प्रयोगशाळांत मात्र कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी ठेवले जाते. विद्यार्थ्यांसाठी प्रथमोपचाराची सोय करणे या नियमांनुसार बंधनकारक नसले, तरी त्यांचाही विचार व्हावा, अशी शिफारस आहे.

== व्यावसायिक आरोग्य ==
या विभागातील परिचारिका व वैद्य लसीकरण, आरोग्य तपासणी आणि दीर्घ आजारानंतर कामावर परतण्याविषयी सल्ला ही कामे पाहतात. प्रयोगशाळेतील उंदीर व इतर प्राणी हाताळणाऱ्यांना अधिहर्षता (अ‍ॅलर्जी) व दमा होण्याचा धोका असल्याने त्यांची नियमित तपासणी केली जाते. संगणकाच्या पडद्यासमोर सातत्याने काम करणाऱ्यांनी मागणी केल्यास नेत्रतपासणीचा खर्च नियोक्त्याला करावा लागतो. वैद्यकीय तपशील गोपनीय राहतात. विभागप्रमुखाला सामान्यतः कर्मचाऱ्याची कामासाठीची क्षमता आणि कामात आवश्यक असलेले बदल एवढेच कळवले जाते.

== बर्मिंगहॅममधील घटना ==
बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या वैद्यकीय विद्यालयातील छायाचित्रकार जॅनेट पार्कर यांना ऑगस्ट १९७८ मध्ये देवी रोगाची लक्षणे दिसू लागली. ११ सप्टेंबर १९७८ रोजी त्यांचा मृत्यू झाला. देवी रोगाने झालेला हा जगातील अखेरचा नोंदलेला मृत्यू होय. देवीच्या विषाणूंवर संशोधन चालणारी प्रयोगशाळा त्यांच्या कामाच्या जागेखालच्या मजल्यावर होती; त्या स्वतः मात्र त्या संशोधनात सहभागी नव्हत्या. विषाणू त्यांच्यापर्यंत नेमका कोणत्या मार्गाने पोहोचला, याविषयी मतभेद राहिले. १९७४ च्या कायद्याखाली विद्यापीठावर खटला भरण्यात आला. १९७९ मध्ये विद्यापीठ निर्दोष ठरले. धोकादायक पदार्थ प्रत्यक्ष हाताळणाऱ्यांपुरतीच दक्षता पुरेशी नसून त्याच इमारतीतील इतर कर्मचाऱ्यांचाही विचार आवश्यक असतो, हे या घटनेतून अधोरेखित होते.