अटक ते कटक : नकाशातील एका रंगाचा अर्थ



ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण आज जमलो आहोत, त्यांच्या वर्गात असताना मी हिंदुस्थानचा एक कोरा नकाशा रंगविला होता. साल १७६०. अटकेपासून कटकेपर्यंत आणि खाली तंजावरापर्यंत मी एकच केशरी रंग भरला. सरांनी वही पाहिली, गुण दिले आणि विचारले, "या रंगाचा अर्थ काय?" मला उत्तर देता आले नाही. पुढे स्वतः इतिहास शिकवू लागलो, तरी वर्षानुवर्षे फळ्यावर तोच एक रंग भरीत राहिलो. त्या प्रश्नाचे उत्तर आज उशिरा देत आहे.

प्रारंभ आपल्या राजवाड्याच्या परिसरापासूनच करू. १७४१ साली बादशहाने माळव्याचा कारभार पेशव्यांच्या हाती दिला, तो नायब सुभेदारीच्या नात्याने. म्हणजे सत्ता मराठ्यांची, परंतु कागदावर सुभा बादशहाचा. अहिल्याबाईंच्या काळी मल्हारनगरच्या टाकसाळीत पडलेला रुपया पाहावा. त्यावरील बेलपान आणि शिवलिंग ही चिन्हे होळकरांची. फारसी अक्षरांतील नाव मात्र शाह आलम बादशहाचे. आता या मुलखास कोणता रंग द्यावा?

मराठी दप्तरांत या प्रश्नाचे उत्तर आहे, कारण आपल्या पूर्वजांनी मुलखाचे प्रकार कधी एक मानले नाहीत. १७१९ साली बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून ज्या सनदा आणल्या, त्यांत स्वराज्य, चौथाई आणि सरदेशमुखी ही तीन प्रकरणे निरनिराळी होती. स्वराज्यात संपूर्ण अंमल छत्रपतींचा. दक्षिणेच्या सहा सुभ्यांत मात्र वसुलाचा चौथा हिस्सा आणि त्याखेरीज शेकडा दहा सरदेशमुखी, एवढाच हक्क. तेथे एकाच गावातून निजामाचा आमिल आणि मराठ्यांचा कमाविसदार असे दोघेही वसूल नेत. या दुअंमलीला नकाशाची रेषा कशी पुरी पडावी?

अटकेची कथा आणखी निराळी. १७५८ च्या एप्रिलात राघोबादादा आणि मल्हारराव लाहोरास पोचले. पुढे फौजा अटकेपर्यंत गेल्या. परंतु पंजाबचा कारभार त्यांनी वार्षिक पंचाहत्तर लाखांच्या करारावर अदिना बेगाकडे सोपविला आणि तो त्याच वर्षी मरण पावला. १७५९ सरता सरता अब्दालीने पंजाब परत घेतला. ज्या अभिमानाने आपण अजून "अटकेपार" म्हणतो, त्या अंमलाचे वय दोन वर्षांचेही नव्हते. उलट ओडिशा १७५१ च्या तहाने नागपूरकर भोसल्यांकडे आला, तो १८०३ पर्यंत राहिला. त्याच तहात बंगालच्या चौथाईपोटी बारा लाख रुपये ठरले; म्हणजे बंगालमध्ये हक्क होता, राज्य नव्हते. आणि तंजावर? तेथील व्यंकोजी राजांचा वंश भोसल्यांचा खरा, परंतु ते राज्य सातारा किंवा पुणे यांच्या आज्ञेतील नव्हे.

मग हा एकरंगी नकाशा आला कोठून? जेम्स रेनेल याने १७८२ साली हिंदुस्थानचा नकाशा प्रसिद्ध केला, तेव्हा पुणेकर आणि नागपूरकर मराठे त्याने वेगळे धरले होते. पुढे शाळांसाठी नकाशासंग्रह निघाले. चार्ल्स जोपेन यांचा १९०७ चा संग्रह त्यांतलाच. पोरांना समजावे म्हणून प्रत्येक सत्तेस एक रंग आणि कडेला एक रेष, ही रीत रूढ झाली. वस्तुतः अशी आखीव सीमा आमच्याकडे तहांनी आणली. १८१८ च्या मंदसोरच्या तहाने होळकरांचे सातपुड्याच्या दक्षिणेचे मुलूख आणि राजपूत संस्थानांवरील हक्क गेले. उरल्या मुलखाची राजधानी इंदूर झाली. तरीही भिंड भागातील आलमपूर, जेथे १७६६ साली मल्हाररावांचा देह पडला, ते शेकडो मैल दूर असूनही होळकरांकडेच राहिले. नकाशात ते बेटासारखे दिसते.

कोणी म्हणेल, हा पंडिती काथ्याकूट कशास? त्याचे कारण आहे. १७५० च्या डिसेंबरात मल्हाररावांची फौज खंडणीसाठी जयपूरवर चालून येत असता सवाई ईश्वरीसिंहाने विष घेतले. लगोलग जयपुरात मराठ्यांची कत्तल झाली. बंगालमधील आया "बर्गी" येतील अशी भीती घालून आजही मुलांना निजवितात. आपल्या एका रंगाखाली ही माणसे झाकून जातात. ज्यांनी चौथाई भरली, त्यांना प्रजा म्हणून दाखविणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. आणि ज्या माळव्यात अहिल्याबाईंनी न्यायाने राज्य केले, तो मुलूख आणि केवळ खंडणीची वाट यांस एकच मोल देणे हा त्या राज्यकर्तीवरही अन्याय आहे.

आपल्या राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी, वरचे लाकडी. १८०१ आणि १९८४ यांसारख्या आगी या वाड्याने पाहिल्या. वाडा एकच; परंतु त्याचा आराखडा काढणाऱ्याने दगड कोठे आणि लाकूड कोठे, हे लिहिलेच पाहिजे. विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे की, नकाशा काढताना स्वराज्यास गडद रंग द्या, सरंजामी मुलखास फिका, चौथाईच्या प्रदेशास नुसत्या तिरप्या रेघा आणि मोहिमेच्या वाटेस बाण. शेजारी सालही लिहा.

असा नकाशा पूर्वीइतका भव्य दिसणार नाही. परंतु "या रंगाचा अर्थ काय?" असे सरांनी विचारले, तर उत्तर देता येईल.