कुलूप, किल्ली आणि अर्धे वाचन

पोलिसांनी जप्त केलेला कुलूपबंद मोबाईल उघडण्याच्या बातम्या आपण हल्ली वाचतो. यंत्र नवे असले तरी प्रश्न जुना आहे, आणि त्याचा एक दाखला आमच्या वर्धा जिल्ह्याच्या इतिहासात सापडतो.

एप्रिल १९४२ मध्ये गांधीजींनी सेवाग्रामहून ठरावाचा एक मसुदा मीराबहेनबरोबर अलाहाबादला पाठवला. कार्यकारिणीत वाद झाले, मसुदा बदलला. मे महिन्यात पोलिसांनी तिथल्या काँग्रेस कचेरीवर छापा घालून मूळ मसुदा आणि चर्चेची टिपणे उचलली. ४ ऑगस्टला, मुंबईच्या अधिवेशनाच्या तोंडावर, सरकारने ती छापली. काँग्रेस जपानकडे झुकली आहे, असे लोकांना वाटावे हा हेतू. टिपणे त्रोटक आहेत, संदर्भ तुटले आहेत, असा खुलासा नेहरूंना करावा लागला. कागद खरे होते, पण मांडलेले चित्र खरे नव्हते.

आता मोबाईलकडे येऊ. त्यातली माहिती सांकेतिक रूपात असते आणि तिची किल्ली आपला आकडा व आतली चिप मिळून तयार होते. चार अंकी आकड्याच्या शक्यता दहा हजारच. पण चुका झाल्या की फोन थांबवून ठेवतो. म्हणून न्यायसहायक प्रयोगशाळा फोनच्या प्रणालीतल्या उणिवा शोधणारी साधने वापरतात. काढलेल्या प्रतीचा 'हॅश' नावाचा आकडा नोंदवतात. प्रतीत एक अक्षर बदलले तरी तो बदलतो. जुन्या पंचनाम्यातली लाखेची मोहोरच म्हणा ना! १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रातही हॅश लिहावा लागतो.

आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नाही, असे घटनेचे कलम २०(३) सांगते. अंगठ्याचा ठसा घेणे म्हणजे अशी साक्ष नव्हे, असे मुंबई राज्याच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली ठरवले. पण मनातला आकडा सांगायला लावणे? त्यावर न्यायालयांचे एकमत नाही.

मला मात्र त्यापुढची काळजी वाटते. मोहोर शाबूत आहे एवढेच हॅश सांगतो. कोणते पान दाखवले आणि कोणते झाकले, हे सांगत नाही. १९४२ चे कागदही कुणी खोडले नव्हते, फक्त निवडले होते. म्हणून संपूर्ण प्रत आरोपीच्या वकिलाच्याही हाती वेळेवर पडली पाहिजे. अर्धे वाचून निकाल देऊ नये, हे आपण शाळेतल्या पोरांनाही शिकवतोच की.