सहीमागचा हात

फुलदाणीवर ‘गाले’ अशी सही दिसली, म्हणून ती एमिल गाले यांनीच घडवली असे म्हणायचे का? फ्रान्समधल्या नान्सी शहरातल्या त्यांच्या कारखान्यात काचेवर निराळ्या रंगाच्या काचेचा थर चढवीत आणि आम्लाने नक्षी कोरीत. सहीही पुष्कळदा त्या नक्षीतच उठे. म्हणजे तीही कारागिरांच्याच हातची! १९०४ मध्ये गाले वारले. पत्नीने कारखाना चालू ठेवला, तेव्हा सहीशेजारी चांदणी आली. पुढे चांदणी गेली. नाव मात्र १९३०च्या दशकापर्यंत टिकले. रुमानियातल्या अलीकडच्या नकलांवर ‘गाले टिप’ असे असते. ‘टिप’ म्हणजे तिथल्या भाषेत ‘प्रकार’. लबाड विक्रेते नेमका तेवढाच शब्द घासून टाकतात. म्हणून जाणकार आधी सहीशेजारच्या मोकळ्या जागेवर बोट फिरवून पाहतात.