मज्जातंतूदर्शक रंजके

शस्त्रक्रियेत मज्जातंतू चटकन ओळखू यावेत म्हणून शरीरात सोडली जाणारी, ठरावीक प्रकाशाखाली चमकणारी (फ्लुओरोसंट) संयुगे. ती मज्जातंतूंना किंवा त्यांच्या वेष्टनांना चिकटतात. शेजारच्या स्नायूत व चरबीत त्यामानाने कमी उतरतात. बहुतेक रंजके प्राण्यांवरील प्रयोगांच्या किंवा मानवी चाचण्यांच्या टप्प्यावर आहेत.

गरज : कानापुढील पॅरोटिड या लाळग्रंथीतील गाठ काढताना ही गरज सर्वाधिक जाणवते. चेहऱ्याचा मज्जातंतू कानामागील हाडाच्या छिद्रातून बाहेर येऊन या ग्रंथीत शिरतो व साधारणपणे पाच शाखांत विभागतो. शाखा दोऱ्याइतक्या बारीक. रक्ताळलेल्या क्षेत्रात शाखा कोणती आणि संयोजी ऊतीचा पट्टा कोणता, हे अनुभवी हातालाही सहज कळत नाही. पूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या, वण धरलेल्या जागी तर नाहीच. जबड्याच्या कडेने जाणारी शाखा दुखावली की त्या बाजूचा खालचा ओठ खाली ओढला जात नाही आणि हसू वाकडे होते.

विद्युत्‌-उत्तेजनाने मज्जातंतू ओळखण्याचे यंत्र प्रचलित आहे. पण ते स्नायूचा प्रतिसाद नोंदवते. कानाच्या पाळीला संवेदना पुरवणारा मज्जातंतू कापला गेला तरी यंत्र गप्पच असते. स्नायू शिथिल करणारे औषध दिले असल्यास चालक मज्जातंतूंच्या बाबतीतही त्याचा भरवसा कमी होतो.

विकास : फ्लुओरेसीन हे रंजक आडोल्फ फोन बायर यांनी १८७१ मध्ये तयार केले. मज्जातंतूंसाठीचे महत्त्वाचे काम मात्र कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतले. हिरव्या चमकत्या प्रथिनावरील संशोधनासाठी २००८ चे नोबेल विभागून मिळालेले रसायनशास्त्रज्ञ रॉजर त्सिएन (१९५२–२०१६) आणि कान-नाक-घसा शल्यविशारद क्वेन न्गुएन यांच्या गटाने २०११ मध्ये एनपी४१ हे पेप्टाइड प्रसिद्ध केले. जीवाणुभक्षी विषाणूंच्या पृष्ठभागावरील असंख्य पेप्टाइडांतून, उंदरांच्या मज्जातंतूंना चिकटणारे ते वेचून काढले होते. रंजक जोडून शिरेतून दिल्यावर सुमारे दोन तासांत उंदरांचे मज्जातंतू उठून दिसू लागले, तुटलेलेसुद्धा. तुटलेली टोके शोधून जोडणाऱ्या शल्यविशारदाला या गुणाचे मोल अधिक. याच परंपरेत, मानवी मज्जातंतूंना चिकटणाऱ्या पेप्टाइडाला फ्लुओरेसीन जोडून बेव्होनेसीन सिद्ध झाले. डोके व मान यांच्या शस्त्रक्रियांत त्याच्या मानवी चाचण्या झाल्या आहेत.

इतर प्रकार : मज्जातंतूंच्या वेष्टनातील मायलिनला चिकटणारी संयुगे (उदा., रिझेडिसबेन), ऑक्साझीन वर्गातील, अवरक्ताजवळच्या प्रकाशात चमकणारी संयुगे. मायलिन नसलेल्या तंतूंत पहिल्या गटाची मर्यादा सांगितली जाते. इंडोसायनीन ग्रीन जुने व सर्रास वापरातले, पण ते मुख्यतः रक्तप्रवाह दाखवते. मज्जातंतूंसाठी खास नव्हे.

मर्यादा : दृश्य प्रकाश ऊतीत फार खोल जात नाही, जाड थराखालचा मज्जातंतू झाकलेलाच राहतो. रंजकाची चमक पाहण्यासाठी विशेष प्रकाशस्रोत व गाळण्या लागतात. मज्जातंतू स्पष्ट दिसल्याने इजांचे प्रमाण किती घटते, हा वेगळा प्रश्न आहे.

पुरःस्थ ग्रंथीची शस्त्रक्रिया : ग्रंथीलगतचे मज्जातंतू वाचवण्यासाठी येथेही या रंजकांचा उपयोग अपेक्षित.